लल्ला रहमाची तळलेली दुर्बीण

गोल झाला तेव्हा जिलाली उडाला, यात त्याची काही चूक नव्हती. कासाब्लांकाच्या दोन संघांची मॅच, शेवटची मिनिटं, बरोबरीत अडकलेला खेळ. अशा वेळी जो माणूस उडत नाही त्याची नाडी तपासून बघावी. जिलालीची चूक एवढीच, की तो सासूच्या गच्चीवर उडाला, सासूच्या दुर्बिणीला डोळा लावून उडाला, आणि उडताना हातातली मेंढ्याची दोरी सोडून उडाला.

मेंढा ईदचा. त्या वर्षी मोठी ईद ऐन थंडीत आली होती आणि मूले बूसलहाम गावातल्या गच्चीगच्चीवर एकेक शिंगवाला पाहुणा मुक्कामाला होता. सासू आणि बायको दोघी हम्मामला न्हायला गेलेल्या. जाताना सासू बजावून गेली होती, "हा दोरी चावतो. मी येईपर्यंत इथून हलायचं नाही." जिलाली खरोखरच हलला नाही. त्याने फक्त कोपऱ्यात तिपाईवर उभी असलेली, खाडीकडे तोंड केलेली सासूची लांबोडकी एकडोळी दुर्बीण जराशी वळवली. चौकापलीकडच्या कॅफेचं दार उघडं होतं आणि दारासमोरच्या भिंतीवर टीव्ही होता. कॅफेत बसून चहा पिणाऱ्यांना दिसत नसेल इतकं स्वच्छ त्याला दिसत होतं. गोलकीपरची दाढी वाढलेली आहे हेसुद्धा.

मेंढा आल्या दिवसापासून त्या तीन पायांच्या जनावराकडे संशयाने बघत होता. दोरी सुटली तशी त्याने मान खाली घातली आणि मनातलं करून मोकळा झाला. तिपाई एकीकडे गेली, दुर्बीण कठड्यावरून दुसरीकडे गेली.

दुसरीकडे, म्हणजे खाली, बा अल्लालची कढई होती. बा अल्लाल स्फेंज तळतो. तुमच्या मेदूवड्याला मैद्याची बहीण असती तर ती स्फेंजसारखी दिसली असती. नशीब असं, की कढईवर त्या घटकेला कुणीच नव्हतं. बा अल्लाल स्वतः कॅफेत उडत होता आणि त्याची गिऱ्हाइकं त्याच्या आजूबाजूला उडत होती. 'चुर्र' असा आवाज झाला तो फक्त जिलालीने ऐकला.

बा अल्लाल परत आला तेव्हा तेलात चार वड्यांच्या मधे काहीतरी लांब, काळं, बुडबुडे सोडत पडलेलं होतं. आयुष्यभराची सवय वाईट. त्याने ते आधी उलटलं. दुसरी बाजू झाली तेव्हा त्याला शंका आली. मग आकड्याने बाहेर काढून, निथळून, वडे देतो तसं ताडाच्या पातीत ओवून, गाठ मारून, तो ते दारात घेऊन आला. नेमक्या त्याच वेळी लल्ला रहमा हम्मामहून लालबुंद गालांनी आणि ओल्या केसांवर फडकं बांधून परतत होती.

"लल्ला, तुमच्या गच्चीवरून आलंय," बा अल्लाल म्हणाला. "दोन्ही बाजूंनी नीट झालंय."

लल्ला रहमाने पातीत ओवलेली दुर्बीण हातात घेतली. पुढच्या काचेतून पाहिलं. आत तेल डुचमळत होतं. मग तिने वर पाहिलं. कठड्यावरून दोन चेहरे खाली वाकून बघत होते. एक मेंढ्याचा, एक जावयाचा. त्यातला मेंढ्याचा जास्त निरागस होता.

"जावईबापू," ती म्हणाली, "जरा खाली येता का आपण?"

लल्ला रहमा खुशीत असली की "ए गाढवा" म्हणते. साधारण बरी असली की "अरे जिलाली". जावईबापू आणि आपण हे त्याच्या लग्नानंतर दुसऱ्यांदाच निघालं होतं. पहिल्यांदा निघालं ते त्याने लग्नात तिच्या भावाच्या पायावरून टॅक्सी नेली तेव्हा.

आता लल्ला म्हणजे नुसती 'बाई', पण रहमाला नुसतं रहमा म्हणण्याची छाती गावात कुणाची नाही. तिचा नवरा नावाडी होता, पाण्याला कधी घाबरला नाही, तोसुद्धा घरात लल्लाच म्हणायचा. गुडघे जाईपर्यंत ती बायकांच्या हम्मामच्या दारात बसत असे. आत जाणाऱ्या बायकांची गाठोडी सांभाळायची आणि बाहेर आल्या की जिची तिला द्यायची, एवढंच काम. पण ते काम तिने असं केलं, की गावात आजवर कुणाचा रुमाल हरवला नाही. वाफेत सगळ्या बायका सारख्याच दिसतात, असं पुरुषांना वाटतं. लल्ला रहमाला नुसत्या चालीवरून कळायचं. "ती आली, डाव्या टाचेवर जोर देणारी, तिचं गाठोडं हिरवं." तिचा नियमही साधा होता. आत गेलेली बाहेर आली पाहिजे, आणि ज्याचं त्याला मिळालं पाहिजे. एकदा एक बाई आतच चक्कर येऊन पडली, तर सगळ्यांच्या आधी लल्ला रहमाला कळलं, कारण एक गाठोडं शिल्लक राहिलं होतं.

गुडघे गेले, हम्मामचं दार सुटलं, पण सवय कुठे सुटते? नवऱ्याला कधीतरी एका डच पाहुण्याने खूश होऊन दिलेली दुर्बीण घरात पडून होती. लल्ला रहमा ती घेऊन गच्चीवर जाऊन बसली आणि खाडीवर नजर ठेवू लागली. आमच्या निळ्या खाडीत थंडीत इतके पक्षी उतरतात की पाणी कमी पडावं. गुलाबी रोहित, बदकं, करकोचे, आणि ज्यांची नावं फक्त परदेशी पाहुण्यांना येतात असे बारके चिखलतुडवे. बाईने सगळ्यांना हम्मामला आलेल्या बायकांसारखं वागवायला सुरुवात केली. कोण आलं, कुठे बसलं, कोण परत निघालं. नावाडी सकाळी गच्चीखालून जाताना हाक मारायचे, "लल्ला, रोहित कुठे?" आणि वरून उत्तर यायचं, "दक्षिणेला, कुंपणाजवळ. आणि इंजिन बंद करून जा, मेल्यांनो, कालच्यासारखे उडवू नका!" पाहुण्यांना पक्षी दिसायचे आणि संध्याकाळी लल्लाच्या दारात ताजी मासळी यायची.

या सगळ्या मंडळीत तिचा खास जीव एकावर होता. खाडीच्या मधे एक जुना खांब आहे. होड्या बांधायचे तो, आता नुसता उभा असतो. गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना त्याच्यावर बसलेला पक्षी माशीएवढा दिसतो. तिथे दर थंडीत एक मासेमार गरुड येऊन बसायचा. उन्हाळ्यात उत्तरेला कुठेतरी जायचा आणि न चुकता परत यायचा, म्हणून लल्ला त्याला हाजी म्हणायची. त्याच्या पायात निळा वाळा होता. उत्तरेतल्या कुण्या पक्षीवाल्याने लहानपणीच घातलेला. दरवर्षी तो आला, की लल्ला दुर्बिणीतून वाळा बघायची, "आला गं बाई सुखरूप" म्हणायची आणि मगच घरात त्या मोसमाचा पहिला हरीरा, चण्या-टोमॅटोचं दाट सूप, शिजायचा.

या वर्षी खांबावर गरुड आला होता. पण पाऊस, धुकं आणि ढग असे काही बसले होते की पाय म्हणून दिसेना. त्यात हमीदो नावाड्याने काडी टाकली. "लल्ला, तुझा हाजी केव्हाच गेला. हा कुणी दुसराच पोरगा आहे. मी होडीतून जवळून पाहिला, रंग वेगळा."

"जवळून पाहिलास तर वाळा होता का नव्हता?"

"मी जवळ गेलो आणि तो उडाला."

"मग तू त्याची पाठ पाहिलीस. पाठीवरून तुला बायकोसुद्धा ओळखता येत नाही. गेल्या जत्रेत भलतीच्याच मागे घरापर्यंत गेला होतास."

चौक हसला, आणि हमीदोला ते झोंबलं. तिथल्या तिथे पैज लागली. ईदच्या आधी वाळा दिसला, तर हमीदोने बादलीभर शिंपले आणायचे आणि गच्चीखाली उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "लल्ला रहमा खरं बोलते." नाही दिसला, तर ईदच्या मेंढ्याच्या कलेजीची पहिली सळई हमीदोच्या घरी जायची. चरबीत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली ती पहिली सळई! जिलाली तिच्यासाठी वर्षभर टॅक्सी चालवतो म्हटलं तरी चालेल.

अर्थात कलेजी गेली चुलीत. लल्ला रहमाचा खरा घोर वेगळा होता. हाजीच्या जागेवर दुसरा कुणी बसला असेल, तर हाजी कुठे आहे? गाठोडं शिल्लक आहे आणि बाई बाहेर आलेली नाही, असं तिला होत होतं. आता ढग फाटायची वेळ आली आणि दुर्बीण तळली गेली.

"जावईबापू," लल्ला रहमा ओल्या केसांनी ओसरीवर बसून म्हणाली, "आपण टॅक्सीच्या मागच्या सीटसाठी पैसे साठवताय, असं हुरिया म्हणत होती."

जिलालीने बायकोकडे पाहिलं. हुरिया पुदिन्याची पानं निवडत होती आणि त्या पानांमध्ये तिचा जन्माचा रस असल्यासारखी बघत होती.

"मावशी, त्या सीटची स्प्रिंग वर आलीय हो. परवा हवालदार बसला, तो नाचत उतरला."

"लोक नाचत उतरले तर चांगलंच. उद्या लाराशला जायचं."

लाराशच्या जुन्या बाजारात स्पेनहून उतरलेला जुना माल मिळतो. इस्त्र्या, मिक्सर, एकाच पायाचे बूट आणि कुणाच्या कुणाच्या घरातली लग्नाची फ्रेम. तिथे बुश्ताचं दुकान आहे. त्याच्याकडे दुर्बिणी असतात हे सगळे नावाडी जाणतात. दुसऱ्या दिवशी जिलालीची पांढरी मर्सिडीज नेहमीसारखी सहा उतारू कोंबून निघाली. पुढच्या सीटवर लल्ला रहमा आणि मांडीवर रिकामी पिशवी. वाटेत मागून एक उतारू कळवळला, "ही स्प्रिंग कधी बदलणार, उस्ताद?" लल्ला रहमा वळूनही न बघता म्हणाली, "त्या पैशांचा आता गरुड बघायचाय. तुम्ही जरा तिरके बसा."

बुश्ता गोड माणूस. त्याने लल्लाला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कपाटातून एक चकचकीत, तोफेसारखी नळी काढली. "शंभर पट, लल्ला! हिच्यातून चंद्रावरचे खड्डे मोजा."

"खड्डे आमच्या रस्त्यावर आहेत तेवढे पुरे. मला पाय बघायचाय."

"कुणाचा?"

"हाजीचा."

बुश्ताने एकदा जिलालीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात देवाची माफी मागितली. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्याने आणखी दोन नळ्या काढल्या. एक जुनी, पितळी, जहाजावरची, नुसती उचलली तरी खांदा उतरेल अशी. दुसरी शेवाळी रंगाची, मध्यम, रबर झिजलेलं, एका बाजूला पोचा. तिच्यावर कुण्या स्पॅनिश माणसाने टाचणीने नाव कोरलेलं होतं.

जिलालीला तोफ आवडली. "मावशी, शंभर म्हणजे शंभर."

"दुकानातल्या दिव्याखाली म्हातारीसुद्धा नवरी दिसते," लल्ला रहमा म्हणाली. "उजेडात न्या."

"वर गच्ची आहे," बुश्ता म्हणाला. "जिन्याने जा."

इथे जिलालीने दुसरी चूक केली. सासूचे गुडघे, जिना उंच. आपण पुढे जाऊन मांडामांड करावी, म्हणून तो भल्या मनाने तिन्ही नळ्या काखेत मारून वर गेला. गच्ची बायकांची असते हे काय त्याला माहीत नव्हतं? आमच्याकडे घशाला काही झालं नसलं तरी पुरुष जिन्यात खोकत जातो, वर हाक देतो, आणि वाळवण उचलून परत येतो. पण तीन दुर्बिणी सांभाळताना खोकायला हात कुठला मोकळा! तो गुपचूप वर आला, तोफ कठड्यावर टेकवली आणि मिनारावरच्या करकोच्याच्या घरट्याकडे नेम धरू लागला. घरट्यापर्यंत पोचायला नळी साऱ्या मोहल्ल्याच्या गच्च्यांवरून फिरवावी लागली. ईद जवळ आलेली, घरोघरी धुणं निघालेलं, प्रत्येक गच्चीवर बायका.

"बाई गं! पुरुष! आणि नळकांडं घेऊन!"

"आंधळा कर रे देवा याला!"

एक ओली चप्पल येऊन त्याच्या कानावर बसली. नेम इतका अचूक होता की त्या बाईला दुर्बिणीची गरज नसावी.

"मी करकोचा बघतोय!" जिलाली डोळे मिटून ओरडला.

"आमच्याकडे करकोचा नाही!"

"माझी सासू खाली आहे हो!"

"मग तिला वर पाठव आणि तू खाली मर!"

लल्ला रहमा वर येत होतीच. दर पायरीला ती एकेका पीराचं नाव घ्यायची. आमच्या भागात पीर पुष्कळ आहेत म्हणून बरं, कारण जिना खरंच उंच होता. वर येऊन तिने कमरेवर हात ठेवले, चारी दिशांच्या बायकांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बायांनो, हा माझा जावई. डोकं नाही, पण नियत साफ आहे. चप्पल कुणाची? ये, घेऊन जा, आणि येताना डोळे घेऊन ये. मला दुर्बीण निवडायला मदत करा."

जिलालीची रवानगी जिन्यात झाली. तिथे बुश्ताही येऊन बसला. दोघे पुरुष पाठमोरे, हातात चहाचे पेले, आणि वरून येणारे आवाज. त्यानंतरची सगळी दुर्बीण-परीक्षा जिलालीने कानांनी पाहिली.

आधी गच्च्या ओलांडून बायका आल्याची धपधप. मग लल्लाचा आवाज, "त्या पलीकडच्या दोरीवर पांढरी चादर कुणाची?"

"माझी," कुणीतरी ठसक्यात म्हणालं. ही मिलूदा. तिचा आवाज मोहल्ल्यात ओळखीचा होता, हे बुश्ताने कपाळावर हात मारला त्यावरून कळलं.

"शंभरवाली लावते. बघ."

मग स्फोट. "ही माझी चादर नाही! हिला जांभळी किनार आहे! मी किनार शिवलेलीच नाही!"

"किनार चादरीला नाही, काचेला आहे," लल्ला म्हणाली. "सोड ती. आणि बघ कशी थरथरतेय. शंभर पट थरथर घेऊन काय करू? माझे गुडघे तेवढे थरथरतात." मग जिन्याच्या तोंडाशी येऊन, "बुश्ता, तुझी तोफ खाली ने रे! चंद्राला सांग, आम्हाला वेळ नाही."

पितळीच्या नशिबी त्याहून वाईट आलं. तिच्यात चादर स्वच्छ दिसत होती, पण मधेच. कडेला भुतं. "मधे बघावं तर नवरी आणि कडेला बघावं तर नवरीची आत्या," असं कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. शिवाय ती उचलून घेता घेता एकीच्या पायाच्या बोटावर पडता पडता वाचली.

मग शेवाळी. जिलालीचा चहा थंड झाला.

"कॉलर," एक म्हातारा आवाज म्हणाला. "मिलूदा, तुझ्या नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर. साबण लावला नाहीस."

"लावला!"

"नाही लावला. मळ दिसतोय. आतल्या बाजूला."

"बघू! … हाय रे देवा."

"कॉलरचा मळ दिसतो, तर वाळा दिसेल," लल्ला रहमा म्हणाली. "आता नदीपलीकडे. त्या मिठागरात खुंटा आहे, त्याच्यावर काय आहे?"

"बगळा."

"बगळा नाही, फाटकी पिशवी आहे. हलतेय बघ."

"हो गं! पिशवीच."

जिलालीला वाटलं झालं. पण लल्ला रहमा हलायचं नाव घेईना. उन्हात काय, कुणीही चांगला दिसतो, म्हणे. अंधार पडताना बघायचं. तेव्हा वर चहा गेला, पापुद्र्यांची गरम रोटी आणि मध गेला, आणि तिथे कुणाची सून कशी आहे इथपासून कुणाचा मेंढा तिरळा आहे इथपर्यंत सगळं बोलणं झालं. मग मगरिबची अजान झाली. शंभरवाली पुन्हा वर मागवून शेजारी ठेवली, तर तिच्यात रात्र झालेली होती. शेवाळीत अजून संध्याकाळ होती.

सौदा जिन्यातूनच झाला. लल्ला आधी खाली आली, दुर्बीण उलटी धरून दिव्याकडे तोंड केलं आणि आत डोकावून म्हणाली, "बुरशीचं जाळं नाही. हम्मामच्या आरशांना धरतं तसं काचेला धरतं. ते एकदा धरलं की जात नाही."

"आहेच चांगली," बुश्ता खुलून म्हणाला आणि किंमत सांगितली.

वरून तोच म्हातारा आवाज आला. "बुश्ता, त्या नळीला पोचा आहे!"

बुश्ता गारच पडला. "आत्या? तू कधी आलीस वर?"

"मगाचपासून आहे. कॉलर मीच पाहिली. पोचा आहे म्हणते मी."

"बाहेरून आहे, आत्या. काच शाबूत आहे."

"तुझ्या डोक्यासारखी. बाहेरून शाबूत. कमी कर."

बुश्ताने कमी केलं. आत्याने आणखी करायला लावलं. शेवटी बुश्ता रडवेला होऊन म्हणाला, "बरं, पण तिपाईचे वेगळे पडतील!"

"तिपाई नकोच," लल्ला रहमा म्हणाली. "ज्याला पाय असतात त्याला मेंढा पाडतो." समोरच्या वाण्याकडून तिने मांडीवर आणलेली पिशवी भरून चणे घेतले, तोंड शिवून टाकलं, पिशवीला मधे मुठीने खड्डा केला आणि त्यात दुर्बीण ठेवून बघितली. बाळ पाळण्यात निजावं तशी ती निजली. आणि ईद झाली की चणे हरीऱ्यात जातील, म्हणजे तेही वाया नाहीत.

परतीच्या वाटेवर जिलालीने भीत भीत विचारलं, "मावशी, अजून आपण-तुम्हीच का?"

"अजून वाळा दिसला नाही," लल्ला रहमा म्हणाली.

ढग मात्र हटेनात. रोज लल्ला गच्चीवर चण्यांच्या पिशवीशी जाऊन बसायची आणि रोज धुक्यात एक खांब आणि खांबावर एक राखाडी गोळा. खालून जाताना हमीदो मुद्दाम थांबायचा. "बा अल्लाल, लल्लाला विचार, कलेजीला मीठ जास्त घालशील का म्हणावं. माझ्या आईला आवडतं." बा अल्लालही कमी नव्हता. तो गिऱ्हाइकाला विचारायचा, "साधा देऊ का दुर्बिणीच्या तेलातला?"

ईदच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र वारा फिरला. आभाळ घासून ठेवलेल्या ताटासारखं लख्ख झालं. गार हवा, ऊन नुकतं चढायला लागलेलं, पाण्यावरून वाफेची थरथर अजून उठायची होती. हीच वेळ. हुरियाने शेजारणींना हाक मारली आणि सगळी गच्ची बायकांनी भरली. मेंढ्याला जिलालीने टॅक्सी ओढायच्या लोखंडी साखळीने बांधलं होतं आणि साखळीचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. खाली चौकात हमीदो आला.

"लल्ला, मला वर येऊन बघू दे!"

"वर बायका आहेत."

"मग मी मानायचं कसं?"

लल्ला रहमा कठड्यावरून वाकली. "हमीदो, मी तुझ्या आईचं गाठोडं कधी दुसरीला दिलं?"

हमीदोने टोपी कपाळावर ओढली. तरी जरा वेळाने पुटपुटला, "जिलालीला बघू दे. तो पुरुष आहे. एका अर्थी."

जिलाली साक्षीदार म्हणून खोकत पुढे झाला. बायकांनी डोक्यावरची फडकी सावरली आणि वाट दिली. आधी लल्लाने डोळा लावला. चण्यांची पिशवी जरा इकडे, जरा तिकडे. मग ती एकदम स्थिर झाली. चेहऱ्यावरची एकही सुरकुती हलेना. आणि मग सगळ्या एकदम सैलावल्या.

"हाजीच आहे," ती हळूच म्हणाली. "आला गं बाई सुखरूप."

"वाळा दिसला, मावशी?"

"छे! मासा पायाखाली दाबून बसलाय, पाय कुठे दिसतोय? पण बसलाय बघा कसा. डावा खांदा पाडून. भांडण करून आलेली बाई हम्मामच्या बाकावर बसते ना, तसा. तो तसाच बसतो. दुसरा कुणी असा बसत नाही."

"वाळा!" खालून हमीदो ओरडला. "खांदा-बिंदा नाही, वाळा!"

"बघा मग आपणच," लल्ला जिलालीला म्हणाली आणि सरकली. तिच्यापुरता विषय संपला होता.

जिलालीने डोळा लावला. खाडी एकदम हाताशी आली. खांबावरचं शेवाळ दिसत होतं, माशाचे खवले उन्हात चमकत होते. गरुड निवांत खात होता. ईदची घाई त्याला नव्हती. एक घास, इकडे बघ, एक घास, तिकडे बघ. सगळी गच्ची श्वास धरून उभी. साखळीच्या टोकाला मेंढा अस्वस्थ झाला. शेवटी शेपूट उरलं, तेही गेलं. गरुडाने पंख झटकले, विचार केला, आणि उजवा पाय उचलून सावकाश मान खाजवली.

पायात निळा वाळा.

जिलालीच्या तळपायातून उडी वर निघाली, गुडघ्यापर्यंत आली, आणि तिथेच त्याने ती दाबली. दोन्ही हातांनी त्याने पोटाशी साखळी धरली आणि एका जागी उभं राहून जिवाच्या आकांताने ओरडला, "निळाऽऽ!"

बायका एकामागून एक दुर्बिणीशी वाकल्या आणि मग जीभ नाचवत आनंदाची अशी काही हुलहुल उठली, की काठावरचे रोहित दचकून उडाले आणि खाडीवर गुलाबी चादर झटकल्यासारखी झाली. खांबावरच्या हाजीने तेवढी मान वळवली. हमीदो खाली उभा होता. त्याने टोपी काढली, चौकाकडे पाहिलं, आणि म्हणायचं ते म्हणून टाकलं, "लल्ला रहमा खरं बोलते." बा अल्लालने त्याला पुन्हा म्हणायला लावलं. पहिल्यांदा कढईच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, म्हणे.

बायका पांगल्या. हुरिया हरीऱ्याचं भांडं चढवायला खाली गेली. गच्चीवर उरले मेंढा, जावई आणि सासू. लल्ला रहमा परत दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. जिलालीला राहून राहून एकच गोष्ट टोचत होती, मर्सिडीजच्या मागच्या सीटसारखी.

"मावशी," तो म्हणाला, "वाळा दिसायच्या आधीच तुम्ही त्याला ओळखलंत. नुसत्या खांद्यावरून. हमीदोचं तर काय, गाठोड्यावरून तुम्ही त्याला गप्प केलंच होतंत. मग माझ्या सीटचे पैसे मोडून, लाराशपर्यंत नेऊन, चप्पल खायला लावून, ही एवढी दुर्बीण कशाला हो घ्यायला लावलीत?"

लल्ला रहमाने डोळा काढला नाही. चण्यांच्या पिशवीवरची नळी तिने हळूच वळवली, खाडीवरून चौकाकडे, चौकावरून कॅफेच्या उघड्या दाराकडे.

"मॅच बघायला, गाढवा."